पत्त्यानंतरचा पूर्णविराम

आमच्या कॉलेजातून जावक क्रमांक पडल्याशिवाय काही बाहेर जात नसे. पत्रांचं सोडा, दुरुस्तीला निघालेला प्रयोगशाळेतला तराजू आणि स्नेहसंमेलनाच्या भाड्याच्या खुर्च्या परत नेणारा टेम्पोसुद्धा फाटकावर थांबायचा आणि वॉचमन विचारायचा, "भाऊसाहेबांचा कागद कुठंय?" नगर जिल्ह्यात कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे. आमच्या ऑफिसात कारकून चौघे होते, पण भाऊसाहेब म्हटलं की एकच, हेडक्लार्क. बाकीच्यांना लोक नावानं हाक मारत.

भाऊसाहेब मूळचे तिसगावचे. नोकरी लागल्यापासून भिंगारला दोन खोल्यांत राहत होते. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी. संध्याकाळी एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला जायचे; नगरच्या कचेऱ्यांमधले कितीतरी टायपिस्ट त्यांच्या हाताखालून गेलेले. बोलणं अस्सल तिसगावचं, पण लिहिणं असं की पुण्याच्या पंडितानं खाली मान घालावी. मराठी असो की इंग्रजी, त्यांच्या टेबलावरून गेलेल्या कागदात चूक निघाली असं मी पाहिलं नाही. माझ्या रजेच्या अर्जातल्या वेलांट्यासुद्धा ते तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत द्यायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. रजा हवी होती, शुद्धलेखनाची शिकवणी नव्हे.

मी तिथं कॉम्प्युटर शिकवत होते. राग माझ्या नाकावर बसलेला असायचा हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. माझी आई म्हणायची, हिच्या तोंडाला जरा तरी कडी लावा. कडी काही लागली नाही, आजही लागलेली नाही. त्यामुळे पुढं जे सांगणार आहे त्यात मी बऱ्याच ठिकाणी ओरडताना दिसेन. तेव्हा तशीच होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. संस्थेच्या चालकांनी कुठल्याशा दुसऱ्या कॉलेजच्या लेटरहेडवर ई-मेलचा पत्ता पाहिला. त्या पत्त्यात त्या कॉलेजचं स्वतःचं नाव होतं. आमचा पत्ता मात्र फुकटात मिळणारा, कुणालाही मिळणारा. झालं, आपल्यालाही आपल्या नावाचा पत्ता पाहिजे असं ठरलं. पुण्याच्या एका कंपनीकडं नाव नोंदवलं. कंपनीनं सांगितलं की तुमच्या टपालासंबंधीच्या नोंदी तुम्हीच लिहून फ्लॉपीवर पाठवा, आम्ही त्या आमच्या मशीनवर चढवतो. मी पुस्तकात बघून तीन-चार ओळी लिहिल्या, पुन्हा पुन्हा तपासल्या आणि फ्लॉपी ऑफिसात दिली. भाऊसाहेबांनी पाकिटावर जावक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि फ्लॉपी पुण्याला गेली.

आठवड्याभरात फोन आला, पत्ता चालू झाला. मी प्राचार्यांना मेल पाठवली, पोचली. प्राचार्यांनी मला पाठवली, तीही पोचली. गणिताच्या सरांनी भौतिकशास्त्राच्या सरांना पाठवली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पुण्यामार्गे निरोप पाठवण्यात जी गंमत होती ती आता कुणाला कळायची नाही. पेढे वाटले. त्यानंतर बाहेरचं कुणी आम्हाला मेल लिहीत नव्हतं आणि आम्हीही बाहेर कुणाला लिहीत नव्हतो. एका सरांच्या अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवर सांगितलं की तुमचा पत्ता लागत नाही. सरांनी निष्कर्ष काढला की भाचा आळशी आहे.

भाऊसाहेबांची मुलगी त्या वर्षी आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. मातीच्या शास्त्रात एम. एस्सी. झालेली. कोरडवाहू जमिनीत ओलावा कसा टिकतो, हा तिचा ध्यास. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जामखेडकडं जायची आणि मुरमाड रानांतली माती पिशव्यांत भरून आणायची. कंडक्टर लोक तिच्याकडं लगेजचं तिकीट मागत आणि ती त्यांच्याशी हुज्जत घालत बसे. बोलायला शांत, पण एकदा डोक्यात घेतलं की मागं न हटणारी. मला ती आवडायची. कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन ती तिच्या मातीचे आकडे टाकायची आणि मी तपासणीचे पेपर बाजूला ठेवून तिच्याशी गप्पा मारायची.

तिनं हॉलंडमधल्या एका विद्यापीठात अर्ज केला. तिथं याच विषयावर काम करणाऱ्या एक प्राध्यापक बाई होत्या. अर्जात शिफारस करणाऱ्याचा पत्ता द्यायचा होता, म्हणजे आमच्या प्राचार्यांचा. मुलगी म्हणत होती, फुकटातला पत्ता देते, तो चालतो हे माहीत आहे. भाऊसाहेब ऐकेनात. "कालिजाच्या नावाचा पत्ता टाक," ते म्हणाले. "फुकटातला पत्ता म्हंजी भाड्याच्या खोलीतला मानूस. घरमालक कधी हाकलील सांगता येत न्हाई." स्वतः उभा जन्म भाड्याच्या खोलीत काढलेला माणूस हे सांगत होता, म्हणून तिनं ऐकलं.

काही आठवड्यांनी एका मंगळवारी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, जरा हे वाचा." तिच्या स्वतःच्या पत्त्यावर हॉलंडहून मेल आली होती. तुमचा अर्ज आम्हाला आवडला आहे, तुम्हाला जागा द्यायची आमची इच्छा आहे, असं सुरुवातीला होतं. पुढं लिहिलं होतं की आम्ही तुमच्या प्राचार्यांना लिहिलेलं पत्र परत आलं, तुम्ही दिलेला पत्ता अस्तित्वात असल्याचं दिसत नाही. येत्या सोमवारपर्यंत प्राचार्यांनी त्याच पत्त्यावरून आम्हाला लिहावं, म्हणजे आमची खात्री पटेल. अन्यथा जागा दुसऱ्या उमेदवाराला द्यावी लागेल.

भाषा अगदी सभ्य होती. पण अर्थ एकच होता. "त्यांना वाटतंय, मी खोटी हाय," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. माझा संताप झाला. जिनं माती आणायला कंडक्टरशी भांडणं केली तिला हॉलंडमधला कुणीतरी खोटी ठरवतो म्हणजे काय! मी म्हटलं, "थांब, आत्ताच्या आत्ता प्राचार्यांची मेल पाठवू. अस्तित्वात नाही म्हणे!"

प्राचार्य चांगला माणूस. त्यांनी शिफारसपत्र सांगितलं, मी टाइप केलं. ते म्हणाले, याची प्रिंट काढा. काढली. त्यांनी खिशातून पेन काढून प्रिंटवर झोकदार सही केली, खाली शिक्का मारायला लावला, आणि तो कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता पाठवा." सही कॉम्प्युटरमधून कशी जाईल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मेल पाठवली. मोडेमनं किरकिर केली, मेल गेली. आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत मेल परत आली होती. सोबत तिथल्या मशीनचा एका ओळीचा निरोप होता की पाठवणाऱ्याच्या पत्त्याची खात्री करता आली नाही.

मी ऑफिसात जाऊन भाऊसाहेबांना सांगितलं, "मेल परत आली." ते काही लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग आता?" म्हणाले. मी म्हटलं, "बघते मी." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा लिहायला घेतलं.

फॅक्स करावा तर मुलगीच म्हणाली की ज्या कॉलेजचा पत्ता खोटा, त्याचा फॅक्स खरा कशावरून मानतील? लेटरहेड काय, कोणत्याही प्रेसमध्ये छापून मिळतं. तिचं बरोबर होतं. पोस्टानं सोमवारच्या आत हॉलंडला काही पोचणार नव्हतं. मग मी पुण्याला फोन लावला आणि कंपनीच्या इंजिनिअरला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "आमच्या साइडनं सगळं ओके आहे, मॅडम." मी म्हटलं, ओके आहे तर मेल परत का येते? तो म्हणाला, तिकडच्या लोकांना विचारा. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याला तोंडावर सुनावलं आणि फोन आपटला. फोन ऑफिसचा होता, त्याचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं यावरून नंतर वेगळीच कुरबुर झाली.

बुधवारी तास संपल्यावर मी शांत डोक्यानं बसले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं. मेल येते तेव्हा तिकडचं मशीन काय करतं, याचा विचार करायला लागले. दारात पाहुणा आला आणि म्हणाला, मी अमक्या गावचा तमका, तर आपण काय करतो? त्या गावच्या ओळखीच्या माणसाला विचारतो की असा कुणी तुमच्याकडं राहतो का. तिकडचं मशीनही तेच करत होतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक नावामागं काही नोंदी असतात. या नावाचं टपाल कोणत्या मशीनवर टाकायचं, ते मशीन कुठं आहे, अशा साध्या ओळी. जगातलं कुठलंही मशीन त्या वाचू शकतं. आमच्या नावानं मेल आली की हॉलंडचं मशीन आमच्या नोंदी वाचायचं आणि बघायचं की यांना उलट उत्तर द्यायचं झालं तर ते कुठं पोचवायचं.

मग मीही त्या नोंदी बाहेरून वाचल्या. त्याची एक आज्ञा असते, ती दिली की उत्तर येतं. उत्तर आलं आणि मी डोक्याला हात लावला. टपालाच्या मशीनच्या नावाशेवटी आमच्या कॉलेजचं नाव दोनदा लागलं होतं. एकापुढं एक, जुळ्यासारखं. असं मशीन जगाच्या पाठीवर कुठंच नव्हतं. म्हणजे आमचं टपाल कुठं टाकायचं, याचं आम्हीच दिलेलं उत्तर खोटं होतं. हॉलंडवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. आपापसातल्या मेल मात्र पोचत होत्या, कारण आम्हा सगळ्यांच्या पेट्या पुण्यातल्या एकाच मशीनवर होत्या आणि घरातल्या घरात पत्ता बघायची गरजच पडत नव्हती.

दोनदा नाव कशानं लागतं ते मला ठाऊक होतं. या नोंदींत मशीनचं पूर्ण नाव लिहिलं की शेवटी एक ठिपका द्यावा लागतो. ठिपका म्हणजे नाव इथं संपलं. ठिपका नसेल तर नाव अर्धवट आहे असं धरून पुढं आपलं मूळ नाव जोडलं जातं. पाकिटावर कुणी नुसतं तिसगाव लिहिलं तर पोस्टातला माणूस पुढं तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर जोडून घेतो, तसंच हे. फरक इतकाच की पोस्टातल्या माणसाला डोळे असतात. पत्त्यात तालुका-जिल्हा आधीच असेल तर तो पुन्हा लिहीत नाही. मशीनला फक्त ठिपका कळतो.

आणि मी ठिपके दिले होते. शपथेवर सांगते, प्रत्येक ओळीत दिले होते. तेव्हा ठिपके खाल्ले पुण्याच्या लोकांनी, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मी तशीच ऑफिसात शिरले आणि सगळ्यांसमोर पुण्याच्या कंपनीचा उद्धार केला. खरं सांगते, त्या इंजिनिअरच्या सात पिढ्या मी त्या दुपारी नगरच्या ऑफिसात उभ्या केल्या. शेवटी म्हटलं, "चार ठिपके दिले होते मी. चारही गिळले!"

"त्यांनी न्हाई, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "मी काढले."

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हतं. उलट, एखादी गोष्ट समजावून सांगताना शिक्षकाचा चेहरा होतो तसा त्यांचा होता. "पत्त्याच्या ओळीशेवटी पूर्नविराम देत न्हाईत," ते म्हणाले. "टायपिंगच्या पयल्या धड्यात हाय. पोरं लई वेळा चुकत्यात. तुमच्या फ्लॉपीत सगळे पत्तेच हुते आन् परत्येकापुढं ठिपका. म्हनलं, मॅडमची घाई झाली असंल. कालिजातून चुकीचं कसं जाऊ द्यायचं?"

जावक क्रमांक घालण्याआधी त्यांनी फ्लॉपी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये घालून वाचली होती. वाचल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून काही जात नव्हतं, ही गोष्ट सगळ्या कॉलेजला माहीत होती, पण फ्लॉपीलाही तो नियम लागू असेल हे माझ्या डोक्यात कसं यावं? मी जे बोलायला सुरुवात केली ते लिहिण्यासारखं नाही. मशीनच्या भाषेत टायपिंगचे नियम चालत नाहीत, हे मी बऱ्याच मोठ्या आवाजात आणि बऱ्याच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी पोरीचं अडलं ते माझ्यामुळं?"

मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग उठून प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकून आले.

मी पुण्याला पुन्हा फोन केला. इंजिनिअरला ठिपक्यांचं सांगितलं. तो म्हणाला, समजलं, पण फोनवर सांगून बदल होणार नाही. कुणीही फोन करून म्हणेल की मी अमक्या कॉलेजातून बोलतेय. संस्थेचं पत्र आणि नवी फ्लॉपी घेऊन माणूस पाठवा. मी रागानं म्हटलं, काल फोनवर एवढं भांडले तेव्हा मी कोण आहे ते कळलं नव्हतं का? तो म्हणाला, भांडायला ओळख लागत नाही, मॅडम. मला हसू आलं, पण ते मी त्याला ऐकू दिलं नाही.

गुरुवारी सकाळी तारकपूरच्या स्टँडवरून भाऊसाहेबांनी आणि मी पुण्याची गाडी पकडली. मुलीचे तास होते, ती थांबली. भाऊसाहेबांनी फ्लॉपी धुतलेल्या रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि गाडीनं गचका दिला की हात खिशावर जायचा. सुपा मागं पडलं. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "भाऊसाहेब, एक विचारू? एखादा ठिपका जास्त गेला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या वडलांनी गायरानाच्या तुकड्यासाठी अर्ज केल्ता. बाबासाहेबांच्या मागं आमी धम्मात आलो, त्याच्यानंतरची गोष्ट. वडील अंगठेबहाद्दर. दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचे. कचेरीत गेले की कागद परत. कधी नाव नीट न्हाई, कधी गट नंबर खोडलेला, एकदा तर म्हनं समास सोडला न्हाई. जमीन द्यायची नव्हतीच त्यांना. पन सांगायचे कागदाचं." मग म्हणाले, "मी सातवीत हुतो. तवा ठरवलं, आपल्या कागदावर कुनाला बोट ठिवायला जागा द्यायची न्हाई. आपल्या म्हंजी आता कालिजाच्या. इतकी वर्सं दिली न्हाई."

जमीन मिळाली का, हे विचारणं माझ्याच्यानं झालं नाही. शिरूरला गाडी थांबली तेव्हा मी उतरून दोन चहा आणले.

पुण्याच्या ऑफिसात तो इंजिनिअर प्रत्यक्षात विशीतला, सडपातळ आणि बराच नम्र निघाला. मी फोनवरची बाई आहे हे कळल्यावर त्यानं आधी मला खुर्ची दिली. पत्र वाचलं, फ्लॉपी घातली, नोंदी बदलल्या. भाऊसाहेब त्याच्या मागं उभे राहून स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका बोटानं दाखवून वदवून घेत होते. "ह्यो हाय? आन् ह्यो? खालचा?" मुलगा हो हो म्हणत राहिला. मग त्यानं सांगितलं की बदल इथं झाला, पण बाहेरच्या मशीनना जुनं उत्तर पाठ झालेलं असतं. ते विसरून पुन्हा विचारायला त्यांना वेळ लागेल. एक दिवस लागेल, दोन लागतील, आपल्या हातात काही नाही. भाऊसाहेबांनी विचारलं, "सोमवारच्या आत इसरतील?" तो म्हणाला, "विसरायला पाहिजेत, काका."

हल्ली या कामाला फार मोठा पसारा झाला आहे. आपल्या नावानं टपाल पाठवायचा हक्क कोणकोणत्या मशीनना आहे, तेसुद्धा आता नोंदीत लिहावं लागतं, आणि मेलवर न दिसणारी सही करावी लागते. तेव्हा यातलं काही नव्हतं. प्राचार्यांच्या नावानं कुणीही मेल पाठवू शकला असता, फक्त पत्ता खरा असला की झालं. आजही ओळखीच्या संस्था मला बोलावतात आणि चुका बघते तर त्याच जातीच्या. एक नोंद असताना कुणी शेजारी दुसरी लिहून ठेवतो आणि दोन्ही बाद होतात. कुणी नवं मशीन आणतो आणि नोंदीत घालायला विसरतो. आणि जो तो मला सांगतो, आम्ही आमच्या आमच्यात पाठवून बघितलं, चालतंय की! मी अजूनही चिडते, पण आता आवाज कमी झाला आहे.

शुक्रवारी मेल पाठवली, परत आली. शनिवारी पाठवली, परत आली. मुलगी दोन्ही दिवस माझ्या शेजारी बसून होती. दुसऱ्या कुणाचं तरी काम अडल्यासारखी ती स्क्रीनकडं बघत होती आणि त्यानं मी आणखी अस्वस्थ होत होते. शनिवारी मी तिला म्हटलं, "अगं, रड तरी, नाहीतर वडलांवर चीड तरी." ती म्हणाली, "आप्पांवर काय चिडू? त्यांनी माझ्या शाळेतल्या निबंधांचे बी ठिपके काढल्यात." मग म्हणाली, "न्हाई जमलं तर पुढच्या वर्षी बघू." ते फार सहज म्हणाली. मला वाटलं, धीराची पोरगी आहे.

रविवारी कॉलेज बंद. भाऊसाहेबांनी किल्ली आणून खोली उघडली. दुपारी मी बाहेरून नोंदी वाचल्या तर नाव एकदाच दिसलं. मेल पाठवली. परत येते का म्हणून आम्ही तिघं त्या गरम खोलीत बसून राहिलो. पंखा आवाज करत होता. मेल परत आली नाही. संध्याकाळी खोली बंद करून आपापल्या घरी गेलो.

सोमवारी दुपारी उत्तर आलं, आणि ते आमच्या कॉलेजच्या पत्त्यावर आलं. बाहेरच्या जगातून त्या पत्त्यावर आलेली ती पहिली मेल. प्राध्यापक बाईंनी लिहिलं होतं की तुमच्या संस्थेबद्दल आमची खात्री पटली, झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत, जागा तुमच्या उमेदवारासाठी राखली आहे, तिनं येणार असल्याचं आज कळवावं. मी खुर्चीतून उडालेच. मुलगी प्रिंट घेऊन प्राचार्यांना दाखवायला गेली. जाताना तिनं माझा हात दाबला, पण हसली नाही.

मी ऑफिसातून भाऊसाहेबांना ओढत आणलं आणि स्क्रीनसमोर बसवलं. त्यांनी सगळी मेल सावकाश वाचली. मला वाटलं, आता या माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल आणि मला काहीतरी गोड बोलावं लागेल, जे मला जमत नाही. पण ते स्क्रीनकडंच बघत म्हणाले, "मॅडम, एक सांगू का?"

"सांगा की."

"त्या दिवशी तुमी आलात आन् म्हनलात, मेल परत आली. तवा मला बरं वाटलं हुतं."

मला आधी नीट कळलंच नाही.

"ठिपके मी काढले, ते न कळता काढले," ते म्हणाले. "त्याचं मला काय वाटत न्हाई. मेमो द्या, पगारवाढ थांबवा, मी सही करून घीन. पन ते बरं वाटलं, त्याचं काय करू? पोरगी जानार न्हाई म्हनल्यावर मला घास गोड लागला, मॅडम. घरात आमी दोघंच हाव. ती गेल्यावर मी कुनासाठी चूल पेटवू? दुसऱ्या दिवशी कळलं की मीच अडवलं तिला. मग वाटलं, मनातलं हातानं आधीच केलं की काय."

"असं काही नाही," मी म्हटलं. "ठिपके तर तुम्ही कितीतरी महिने आधी काढले होते. तेव्हा अर्जही नव्हता." हे खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मला एकाएकी त्यांच्याबद्दल माया आली. मी पुढं होऊन पंखा वाढवला.

तेवढ्यात मुलगी परत आली. प्राचार्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला होता, ते सांगायला लागली. भाऊसाहेब उठून उभे राहिले. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"पोरी," ते म्हणाले, "तुझी मेल पयल्यांदा परत आली तवा मला बरं वाटलं हुतं. तुला म्हाईत पायजे."

ती दारातच थांबली. रागावेल, असं मला वाटलं. रागावली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"मलाबी, आप्पा," ती म्हणाली.

मग ती माझ्या खुर्चीत बसली आणि येणार असल्याचं त्या बाईंना कळवायला लागली.